अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाचं मेडिकल : महापालिकेच्या लसीकरण कार्डावरचे कुठले डोस धरतात?

घोडबंदर_पातलीपाडा

एफ-४ प्रवर्गातून (अमेरिकी नागरिकाची भावंडं) चौघांचा अर्ज आहे. एनव्हीसीकडून (अमेरिकेचं नॅशनल व्हिसा सेंटर) कागदपत्रं मंजूर झाली, मुलाखतीची तारीख यायची आहे. नवरा-बायको ४६ आणि ४३, मुलगी १६, मुलगा ७.

मुलाची सगळी लसीकरणं ठाणे महापालिकेच्या आरोग्य केंद्रात झाली. कार्ड पूर्ण भरलेलं आहे: बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंटचे (डीपीटी, हिब, हेपॅटायटिस बी एकत्र) तीन, एमआरचे (गोवर-रुबेला) दोन, डीपीटीचे दोन्ही बूस्टर. मुलीचं कार्ड खाजगी दवाखान्यातलं आहे, पण मधली दोन पानं फाटली आहेत. आम्हा दोघांकडे धनुर्वाताच्या इंजेक्शनांच्या पावत्यांखेरीज काहीच नाही.

प्रश्न असे:

१. मुलाचं कार्ड पूर्ण आहे, तरी त्याला काही घ्यावं लागेल का?
२. मोठ्यांना नेमक्या कुठल्या लशी लागतात? कोविडची लागते का?
३. सगळं आधी ठाण्यात घ्यावं की पॅनल डॉक्टरकडे (वकिलातीने मेडिकलसाठी नेमलेले) गेल्यावर तिथेच?
४. हेपॅटायटिस बीचे तीन डोस सहा महिन्यांत होतात. तोवर मेडिकल थांबवायचं का?

---

लसवही

चौथ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण गोंधळ तिथेच होतो. कोर्स पूर्ण करायचा नसतो. मेडिकलच्या दिवशी तुमच्या वयाला लागू असलेल्या प्रत्येक लशीचा, त्या दिवशी देय असलेला किमान एक डोस झालेला असला की भागतं. पुढचा डोस अजून देय नसेल, तर डॉक्टर डीएस-३०२५ या फॉर्मवर 'दोन डोसमधलं अंतर पूर्ण नाही' अशी नोंद करतात आणि त्या लशीपुरती सूट आपोआप मिळते. सहा महिने थांबायची गरज नाही.

दुसरा प्रश्न. १९९६ च्या कायद्यात लशींची नावं दिली आहेत: गोवर, गालगुंड, रुबेला, पोलिओ, धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला, हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी) आणि हेपॅटायटिस बी. बाकीच्या सीडीसीने (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) वयानुसार जोडल्या. डिसेंबर २००९ पासून कसोटी अशी की लस वयाला लागू हवी, आणि तो आजार साथ पसरवणारा किंवा अमेरिकेतून हद्दपार झालेला हवा. त्या कसोटीत एचपीव्ही आणि नागिणीची लस गळाली. कोविडची अट ऑक्टोबर २०२१ ला आली आणि २०२५ मध्ये गेली. बीसीजी, टायफॉइड, रेबीज, यलो फीव्हर यांपैकी काहीही मागत नाहीत.

तुमच्या वयाच्या दोघांना: टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला एकत्र), एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला), कांजिण्या, हेपॅटायटिस बी आणि हंगाम असेल तर फ्लू. एमएमआर १९५७ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लागते. हेपॅटायटिस बी पूर्वी १८ वर्षांपर्यंतच मागायचे, आता ५९ पर्यंत. जुन्या याद्या बघून 'मोठ्यांना बी लागत नाही' असं सांगणारे अजून भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.

धनुर्वाताच्या पावत्या बाजूला ठेवा. आपल्याकडे पायाला खिळा लागला की देतात ते टीटी, म्हणजे फक्त धनुर्वात. त्यात घटसर्पही नाही आणि डांग्या खोकलाही नाही. दहा वेळा घेतलेलं असलं तरी त्या रकान्यात त्याची किंमत शून्य. टीडॅप म्हणून मागा, बाजारात बूस्ट्रिक्स आणि अ‍ॅडासेल या नावांनी मिळते. लहानपणीची कुठलीच नोंद नसलेल्या मोठ्या माणसाचा कोर्स तीन डोसचा: आज टीडॅप, चार आठवड्यांनी टीडी (धनुर्वात-घटसर्प), त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा टीडी. मेडिकलला पहिला पुरे.

आता मुलाचं कार्ड. 'पूर्ण भरलेलं' हे आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या हिशेबाने खरं आहे. अमेरिकेचा हिशेब वेगळा. प्रत्येक डोस त्या वेळचं वय आणि आधीच्या डोसपासूनचं अंतर या दोन मापांनी मोजतात. तुमच्या मुलाचं ओळीने बघू.

डीपीटी : पेंटाव्हॅलंटमधले तीन, दीड वर्षाचा एक, पाच वर्षांचा एक, असे पाच झाले. मोकळा. ७ व्या वर्षी टीडॅपची गरज नाही.

हिब, न्यूमोकोकल, रोटा : वय उलटून गेलं. विषय संपला.

हेपॅटायटिस बी : इथे लोक फसतात. जन्माचा डोस आणि पेंटाव्हॅलंटमधले तीन, म्हणजे चार झाले असं वाटतं. पण शेवटचा डोस बाळ २४ आठवड्यांचं झाल्यावरच धरतात आणि पेंटाव्हॅलंटचा तिसरा असतो १४ व्या आठवड्यात. चार डोस असूनही शेवटचा बाकी राहिला. एक घेतला की कोर्स कायमचा पूर्ण. खाजगीत सहा-इन-वन घेतलेल्या ज्या मुलांना दीड वर्षाचा बूस्टरही त्याच लशीचा मिळाला, त्यांचं हे आपसूक निस्तरलेलं असतं.

एमआर : पहिला नवव्या महिन्यात. पहिल्या वाढदिवसाआधीचा गोवराचा डोस धरत नाहीत, फार तर चार दिवसांची सवलत. दुसरा सोळाव्या महिन्यानंतर झाला असेल तर गोवर आणि रुबेलाला तो चालतो. पण सरकारी लशीत गालगुंड नाहीच. एमआर म्हणजे दोन, एमएमआर म्हणजे तीन. त्यामुळे एमएमआर लागणार.

कांजिण्या : सरकारी कार्यक्रमात नाही. कांजिण्या येऊन गेल्या नसतील तर लागणार.

पोलिओ : कार्डावर सगळ्यात जास्त शिक्के याचेच असतात आणि नेमके तेच उपयोगाचे नसतात. एप्रिल २०१६ मध्ये भारताने तोंडावाटे द्यायची लस तीन प्रकारांवरून दोन प्रकारांवर आणली, टाइप दोन काढला. अमेरिका १ एप्रिल २०१६ पासूनचे तोंडी डोस धरत नाही. पल्स पोलिओच्या रविवारचे डोस त्याआधीचेही धरत नाहीत. मुलगा ७ वर्षांचा, म्हणजे त्याचे सगळे थेंब बाद. सरकारी केंद्रात दंडावर कातडीत टोचतात ते आयपीव्ही (पोलिओचं इंजेक्शन) कमी मात्रेचं, ०.१ मिलीचं. त्यावर विसंबू नका. ०.५ मिलीचं पूर्ण आयपीव्ही एक घेऊन टाका.

म्हणजे त्याला आयपीव्ही, हेपॅटायटिस बी, एमएमआर, कांजिण्या, आणि हंगाम असेल तर फ्लू. कार्डावर हेपॅटायटिस ए असेल तर तीही नोंद यादीत टाइप करून घ्या.

मुलीची गंमत उलटी आहे. तिच्या तान्हेपणीचे पोलिओचे थेंब २०१६ च्या आधीचे, त्यामुळे नियमित डोस असतील तर तिला ते चालतात. धाकट्याला बाद, थोरलीला पास, लस देणारी ताई कदाचित एकच!

---

कागदवाला_वाशी

लसवहींनी लशींचं सांगितलंच आहे. मी कागदांचं बघतो, कारण कागद नीट नसल्यामुळे लस घेतलेली असूनही परत टोचून घ्यावी लागते.

तोंडी सांगितलेला डोस धरत नाहीत, तारीख असलेला लेखी पुरावा लागतो. फक्त कांजिण्या याला अपवाद. 'येऊन गेल्या' हे पॅनल डॉक्टरला विश्वासार्ह वाटलं तर तसं नोंदवता येतं. किती वर्षांचे असताना, घरात आणखी कोणाला, अंगावर व्रण आहेत का, हे नीट सांगता आलं पाहिजे. 'आई म्हणते आल्या असतील' एवढ्यावर भागत नाही.

महापालिकेचं कार्ड मराठीत असतं, काही तारखा देवनागरी आकड्यांत. ते तसंच नेलं तर समोरचा माणूस अंदाजाने वाचणार. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून लेटरहेडवर इंग्रजीत यादी टाइप करून घ्या: पासपोर्टवरचं पूर्ण नाव, जन्मतारीख, प्रत्येक लशीचं नाव, तारीख, खाली सही, शिक्का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. नव्या लशींना ब्रँड आणि बॅच क्रमांकही, शक्य तर कुपीचं स्टिकर कार्डावर चिकटवून. मूळ कार्ड बरोबर न्यायचंच. टाइप केलेली यादी ही त्याची प्रत आहे, त्याच्याऐवजी नाही.

तारखेत महिना अक्षरात लिहायला सांगा. आपण ०५/०७ लिहितो ते ५ जुलै, अमेरिकेत तेच ७ मे. डोसांमधलं अंतर दिवसांत मोजतात, तेव्हा असल्या घोळाने चांगला डोस बाद ठरतो.

जन्माच्या वेळचे डोस बऱ्याचदा प्रसूतिगृहाच्या डिस्चार्ज कार्डावर 'बेबी ऑफ अमुक' या नावाने असतात. आईचं नावही माहेरचं असलं तर दुवा जुळत नाही. जन्मदाखला जोडा आणि त्याच यादीत डॉक्टरांकडून मुलाचं पूर्ण नाव घालून घ्या.

मुलीची फाटलेली पानं : त्या दवाखान्यात रजिस्टर किंवा संगणकावर नोंद आहे का विचारा. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेत ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांना शाळेत लस दिली होती, त्याचं कार्ड घरात कुठेतरी पडलेलं असतं. मिळालं तर गोवर आणि रुबेलाचा एक वैध डोस हाती आला. अलीकडच्या बाळांच्या नोंदी यू-विन या सरकारी पोर्टलवर असतात, १६ वर्षांच्या मुलीच्या तिथे मिळायच्या नाहीत.

---

घोडबंदर_पातलीपाडा

दोघांचेही आभार. पोलिओचं डोक्यातच नव्हतं.

एकाने सुचवलं की ओळखीचे डॉक्टर जुन्या तारखा टाकून मोठ्यांचं कार्ड बनवून देतात, त्यात काही हरकत आहे का? आणि मोठ्यांनी लस घेण्याऐवजी रक्ततपासणी केली तर?

---

कागदवाला_वाशी

हरकत मोठी आहे. लस कमी असणं ही दुरुस्त होणारी गोष्ट आहे, त्याच दिवशी दंडात घेतली की मिटली. खोटी नोंद ही इमिग्रेशन कायद्यात खोटं निवेदन ठरू शकते आणि ते सिद्ध झालं तर बंदी आयुष्यभराची. एकाच शाईत, एकाच हाताने, वीस वर्षांच्या तारखा एका बैठकीत लिहिलेलं कार्ड पॅनल डॉक्टरला दुरून ओळखू येतं. वर २००५ ची तारीख आणि लशीचं नाव २०१५ नंतर बाजारात आलेलं, असेही नमुने असतात. ओळखीच्या डॉक्टरांना नमस्कार करा आणि खरी लस द्या म्हणा.

---

टायटर_टेबल

रक्ततपासणीचं मी सांगते.

गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या, हेपॅटायटिस ए, हेपॅटायटिस बी आणि पोलिओ यांना प्रतिकारशक्तीचा लॅब रिपोर्ट चालतो. धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला यांना चालत नाही, तिथे टीडॅप घ्यावीच लागते.

लॅबमध्ये काय मागायचं हे कागदावर लिहून न्या. काउंटरवरची चूक ठरलेली असते.

गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या : आयजीजी (जुन्या प्रतिकारशक्तीची तपासणी) मागा. आयजीएम नको, ती सध्याचा आजार बघायची. गरोदरपणात केलेल्या टॉर्च तपासणीत यांपैकी फक्त रुबेला आयजीजी असते, तेवढ्याने एमएमआर सुटत नाही. तिन्ही पॉझिटिव्ह लागतात. एक जरी निगेटिव्ह आली किंवा 'इक्विव्होकल' म्हणजे सीमारेषेवर आली, तर लस घ्यावीच लागते.

हेपॅटायटिस बी : अँटी-एचबीएस मागा, आकड्यात. १० मिली-आययू प्रति मिली किंवा जास्त हवं. लॅबवाले सवयीने एचबीएसएजी करून देतात. ती संसर्ग आहे का ते सांगते, प्रतिकारशक्तीचं नाही. 'एचबीएसएजी निगेटिव्ह' हा रिपोर्ट घेऊन लोक येतात आणि हात हलवत परत जातात. जाता जाता, एचबीएसएजी पॉझिटिव्ह असल्यामुळे व्हिसा नाकारत नाहीत, आणि अशा माणसाला लशीचाही उपयोग नसतो.

पैशाचा हिशेब माझ्या मते असा. एमएमआरसाठी तीन आयजीजी करण्यापेक्षा लस स्वस्त पडते. त्यातही गालगुंडाची आयजीजी सीमारेषेवर यायची खोड आहे, म्हणजे तपासणीचेही पैसे आणि लशीचेही. सरळ एमएमआर घ्या. कांजिण्यांची लस महाग असते, आणि आपल्या पिढीत बहुतेकांना त्या येऊन गेलेल्या असतात. तिथे एक आयजीजी करून बघणं शहाणपणाचं. हेपॅटायटिस बीची लस पूर्वी कधी घेतली असेल पण कागद नसेल, तरच अँटी-एचबीएस करा.

बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट चालतो का, हे ज्या पॅनल डॉक्टरकडे जाणार त्यांना आधी फोन करून विचारा. काही जण स्वतःच्याच लॅबचा मागतात.

---

लसवही

आता तारखांकडे लक्ष द्या. घोडबंदरवाल्यांना सर्वात जास्त जपायला हवं ते इथे.

एमएमआर आणि कांजिण्या या दोन्ही जिवंत लशी. दोन्ही एकाच दिवशी घ्यायच्या, नाहीतर मध्ये पूर्ण २८ दिवस सोडायचे. आज एमएमआर आणि दहा दिवसांनी कांजिण्या असं केलं तर दुसरी बाद, पुन्हा घ्यावी लागते. वर सांगितलेली चार दिवसांची सवलत इथे लागू नाही. टीडॅप, आयपीव्ही, हेपॅटायटिस बी, फ्लूची सुई या निर्जीव लशी कोणाबरोबरही, केव्हाही चालतात. एका दंडात दोन द्यायच्या असतील तर मध्ये एक इंच अंतर ठेवतात.

दुसरं, क्षयाची तपासणी. भारतातल्या अर्जदारांपैकी १५ वर्षांपासून पुढच्यांना छातीचा एक्स-रे असतो, २ ते १४ वयाच्या मुलांना रक्ताची आयजीआरए (क्षयसंसर्गाची चाचणी). म्हणजे तुमच्यापैकी मुलाला रक्त, बाकी तिघांना एक्स-रे. जिवंत लशीनंतर काही दिवस शरीराची प्रतिक्रिया मंदावते आणि आयजीआरए फसवी येऊ शकते. म्हणून नियम असा की मुलाचं रक्त जिवंत लशीच्या आधी किंवा त्याच दिवशी घ्यायचं. लस आधी झाली असेल तर चार आठवडे थांबायचं. मेडिकलच्या आठवडाभर आधी उत्साहाने मुलाला एमएमआर देऊन आणणं ही नेहमीची चूक, मग तारीख पुढे ढकलावी लागते.

बीसीजीमुळे आयजीआरए पॉझिटिव्ह येत नाही. जुन्या कातडीतल्या टेस्टबाबत ती भीती खरी होती, इथे नाही. पॉझिटिव्ह आली तर त्या मुलाचाही एक्स-रे काढतात. रक्तासाठी उपाशी ठेवायची गरज नाही, उलट पाणी पाजून न्या, शीर सापडते. नमुना ठरावीक तासांत लॅबमध्ये उबवायला ठेवावा लागतो. त्यात गडबड झाली तर रिपोर्ट 'इंडिटरमिनेट' येतो आणि रक्त पुन्हा द्यावं लागतं.

मोठ्यांपैकी कोणाला पूर्वी क्षय होऊन गेला असेल तर उपचार पूर्ण झाल्याचा कागद आणि जुने एक्स-रे बरोबर न्या. एक्स-रेमध्ये शंका आली की तीन वेगवेगळ्या दिवशीचे थुंकीचे नमुने घेतात आणि कल्चरला आठ आठवडे लागतात. त्याला कुठलाही शॉर्टकट नाही.

---

नेरुळ_सेक्टर_१९

मध्येच विचारतो. आईवडिलांचं आयआर-५ (अमेरिकी नागरिकाच्या पालकांचा व्हिसा) आहे. वडील १९५५ चे, आई १९५९ ची. त्यांना काय काय? आणि बहिणीच्या होणाऱ्या नवऱ्याचा के-१ (अमेरिकी नागरिकाशी लग्न ठरलेल्यांचा व्हिसा) आहे. त्यालाही हे सगळं?

---

टायटर_टेबल

वडील १९५७ च्या आधीचे, म्हणून एमएमआर नाही. आई १९५९ ची, तिला लागते. एका घरात चार वर्षांच्या फरकाने एकाला सुई आणि दुसऱ्याला सुट्टी. दोघांनाही साठ उलटली, म्हणून हेपॅटायटिस बी नाही. दोघांना टीडॅप, कांजिण्या किंवा त्या येऊन गेल्याची नोंद, फ्लू, आणि ६५ पूर्ण झाल्यामुळे न्यूमोकोकल. नागिणीची लस मागत नाहीत, कोणी गळ्यात मारली तर ती तुमच्या आरोग्यासाठी असेल, व्हिसासाठी नाही.

आईला एमएमआर किंवा कांजिण्यांची लस देण्याआधी औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या, केमोथेरपी, नुकतंच चढवलेलं रक्त यांपैकी काही असेल तर जिवंत लस देत नाहीत किंवा पुढे ढकलतात. त्या स्थितीत फॉर्मवर 'वैद्यकीय कारणाने देता येत नाही' ही नोंद होते आणि व्हिसा अडत नाही. मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र हवं. मधुमेह आणि रक्तदाब ही कारणं नव्हेत. अंड्याची अ‍ॅलर्जीही नव्हे.

गरोदर अर्जदारांना एमएमआर आणि कांजिण्या देत नाहीत, त्याला हीच सूट. या दोन्ही लशी घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायची असते, हे तरुण जोडप्यांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

के-१ ला व्हिसा मिळण्यासाठी लशी सक्तीच्या नाहीत, बाकी मेडिकल होतं. पण लग्नानंतर अमेरिकेत ग्रीन कार्डचा अर्ज करताना आय-६९३ फॉर्मवर त्याच लशी मागतात आणि तिथे सिव्हिल सर्जनची (तिकडे या मेडिकलसाठी नेमलेले डॉक्टर) फी डॉलरमध्ये. इथेच घेऊन नोंद करून नेलेलं बरं. एच-१बी, विद्यार्थी, पर्यटक व्हिसाला हे मेडिकल नसतं. विद्यापीठ जे कागद मागतं तो वेगळा विषय.

---

कागदवाला_वाशी

तिसरा प्रश्न राहिलाच. आधी घ्यावं की तिथेच?

पॅनल डॉक्टरकडे सगळं एका दिवसात होतं, पण लशीचे दर त्यांचे, आणि ठरावीक लस त्या दिवशी संपलेली असली तर पुन्हा खेप. लशीच्या नोंदीला मुदत नसते, मेडिकलला असते, साधारण सहा महिने. व्हिसाची मुदतही त्याच्यापुढे जात नाही. म्हणून लशी आत्तापासून सुरू करा आणि मेडिकल मात्र मुलाखतीची तारीख हातात आल्यावरच ठरवा. आधी मेडिकल उरकून ठेवू असं म्हणणाऱ्यांना ते दोनदा करावं लागतं.

मोठ्यांसाठी फॅमिली डॉक्टरांकडे एमएमआर किंवा कांजिण्यांची लस बहुधा नसते. बालरोगतज्ज्ञांकडे जा. फ्रिज त्यांच्याकडे असतो आणि साठाही फिरता असतो. ४६ वर्षांच्या माणसाने कार्टूनच्या भिंतीखाली नंबर लावून बसायला लाजायचं कारण नाही. मेडिकल स्टोअरमधून कुपी घेऊन रिक्षाने हिंडू नका. २ ते ८ अंशांबाहेर गेलेली जिवंत लस टोचली तर नोंद होते, प्रतिकारशक्ती येत नाही.

पॅनल डॉक्टरांची यादी वकिलातीच्या सूचनापत्रात असते. त्या यादीबाहेरच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाचं मेडिकल चालत नाही, मग ते ठाण्यातलं असो की वाशीतलं. तिथे नेण्यासाठी: पासपोर्ट, मुलाखतीचं पत्र, डीएस-२६० चं (ऑनलाइन व्हिसा अर्ज) कन्फर्मेशन पान, फोटो, लसींची मूळ कार्डं आणि टाइप केलेली यादी, चालू औषधांची चिठ्ठी, चष्मा. सीलबंद पाकीट दिलं तर ते फोडायचं नाही. एक्स-रेची सीडी मिळाली तर ती हातातल्या बॅगेत, सामानात नाही.

---

लसवही

घोडबंदर, तुमचं वेळापत्रक मांडून देतो. आजचा दिवस शून्य धरा.

दिवस ० : तुम्ही दोघं टीडॅप, हेपॅटायटिस बी, एमएमआर. कांजिण्यांची आयजीजी करायची असेल तर तिचा रिपोर्ट आल्यावरच एमएमआरचा दिवस ठरवा, म्हणजे गरज पडली तर दोन्ही एकत्र घेता येतील. मुलीला टीडॅप, मेनिंगोकोकल एसीडब्ल्यूवाय (मेंदूज्वराची लस) आणि कार्डात जे नाही ते. मेनिंगोकोकल ११ ते १८ वर्षांना लागते, सोळाव्या वर्षी किंवा पुढे पहिला डोस झाला तर एकच पुरतो. महाग आहे, आणि सगळीकडे ठेवत नाहीत, आधी सांगून मागवावी लागते. मुलाला आयपीव्ही, हेपॅटायटिस बी, एमएमआर आणि कांजिण्या, सगळं त्याच दिवशी.

दिवस २८ किंवा पुढे : तुम्हा दोघांना हेपॅटायटिस बी आणि एमएमआरचा दुसरा, टीडीचा दुसरा. मुलाला एमएमआरचा दुसरा मात्र लगेच देऊ नका. तो दिला की आयजीआरएचे चार आठवडे पुन्हा नव्याने मोजावे लागतात. त्याला तो मेडिकल झाल्यावर द्या. कांजिण्यांचा दुसरा १३ वर्षांखालच्यांना तीन महिन्यांनी, मोठ्यांना चार आठवड्यांनी.

मेडिकल : मुलाच्या शेवटच्या जिवंत लशीपासून २८ दिवस उलटल्यावर कधीही. मुलाखतीचं पत्र अचानक आलं आणि २८ दिवस मिळत नसतील, तर मुलाच्या दोन्ही जिवंत लशी राखून ठेवा आणि मेडिकलच्या दिवशी आधी रक्त, मग लस.

एमएमआरनंतर सातव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास काही मुलांना ताप आणि पुरळ येतं. मुलाखत त्या आठवड्यात येणार नाही एवढं बघा, बीकेसीतल्या वकिलातीच्या रांगेत तापलेलं मूल घेऊन उभं राहायला नको.

फ्लूची लस शेवटी ठेवा, पण मागताना कुपीवरचा हंगाम वाचा. उत्तर गोलार्धाची नवी लस आपल्याकडे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते. गेल्या वर्षीची उरलेली खपवणारे असतात.

---

घोडबंदर_पातलीपाडा

मुलाचं वेळापत्रक कळलं. शेवटचं: मेडिकल झाल्यावर हेपॅटायटिस बीचे उरलेले डोस इथे घ्यायचे की तिकडे?

---

टायटर_टेबल

निघण्याआधी जेवढे देय होतील तेवढे इथेच. तिसरा डोस पहिल्यापासून किमान १६ आठवड्यांनी आणि दुसऱ्यापासून ८ आठवड्यांनी चालतो, सहा महिनेच झाले पाहिजेत असं नाही. ब्रँड बदलला तरी कोर्स पुन्हा सुरू करावा लागत नाही, उशीर झाला तरीही नाही, उरलेला डोस पुढे चालू.

मेडिकलनंतर घेतलेले डोसही त्याच कार्डावर चढवून घ्या आणि डीएस-३०२५ ची प्रत मागून घ्या. व्हिसाला एक डोस पुरला तरी मुलाच्या शाळेला पुरत नाही. शाळा पूर्ण कोर्स मागतात, राज्याप्रमाणे यादी बदलते, आणि प्रवेशाच्या खिडकीवर हाच कागद पुढे करावा लागतो. मुलाला एमएमआरचा दुसरा आणि कांजिण्यांचा दुसरा विमानाआधी झाला तर तिकडचं काम बरंच हलकं होईल. पोलिओचं मात्र तिकडच्या शाळेला आणखी डोस लागू शकतात, त्यांच्या यादीशी ताडून बघा.